परदेशी न्यायालयाचा हुकूम, ठाण्यात राहणारे मूल आणि दुसऱ्या पालकाच्या भेटीचा हक्क

विचारणाऱ्या ताईंचे माहेर घोडबंदर रोडवर, सासर ऐरोलीला आणि संसार गेली काही वर्षे न्यू जर्सीत. सहा वर्षांचा मुलगा तिथेच जन्मलेला, म्हणजे अमेरिकन नागरिक. नोव्हेंबरमध्ये त्या मुलाला घेऊन माहेरी आल्या. परतीचे तिकीट जानेवारीचे होते, पण त्या परतल्या नाहीत. फेब्रुवारीत पतीने न्यू जर्सीच्या न्यायालयात अर्ज केला आणि मार्चमध्ये मुलाला परत आणण्याचा व तात्पुरता ताबा वडिलांना देण्याचा एकतर्फी हुकूम झाला, ज्याची प्रत त्यांना ईमेलने व कुरिअरने मिळाली. जूनपासून मुलगा ठाण्यातील शाळेत जातो. त्यांचे प्रश्न तीन आहेत: हा हुकूम आपल्यावर बंधनकारक आहे का, ठाण्याच्या न्यायालयातून ताबा मिळेल का, आणि निकाल लागेपर्यंत वडिलांना मुलाशी बोलू दिले नाही तर चालेल का.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून राहतो. चालणार नाही. वडिलांपासून मुलाला धोका असल्याचा ठोस पुरावा हाती नसेल, तर बोलणे तोडणे ही आपल्या बाजूची सर्वात कमकुवत गोष्ट ठरेल. न्यायालय ठाण्याचे असो वा न्यू जर्सीचे, ते दुसऱ्या पालकाशी मुलाचे नाते कोण टिकवू देतो याकडे बारकाईने पाहते. पतीचा फोन नंबर ब्लॉक केलेला स्क्रीनशॉट त्यांच्या वकिलांच्या हाती पडला, की उरलेल्या युक्तिवादाची धार निम्म्याने कमी होते.

आता पहिला प्रश्न. पालकांपैकी एकाने मुलाला परवानगीशिवाय दुसऱ्या देशात नेल्यास किंवा तिथेच ठेवल्यास त्याला त्वरेने मूळ देशात परत पाठवावे, यासाठी १९८० चा हेग करार आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, सिंगापूर हे देश त्यात आहेत; भारत नाही. विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात भारताने करारात सामील व्हावे अशी शिफारस केली, २०१६ च्या २६३ व्या अहवालात विधेयकाचा मसुदाही दिला, त्यानंतर न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये आपला अहवाल दिला, तरीही कायदा झालेला नाही. घरगुती हिंसाचारातून सुटून माहेरी आलेल्या स्त्रीला ‘अपहरणकर्ती’ ठरवणारा कायदा नको, हा आक्षेप त्यामागे आहे आणि तो पूर्णपणे निराधार नाही. मात्र करारात नसल्याची किंमतही आपलेच लोक मोजतात: उद्या इथले मूल कोणी अमेरिकेत नेऊन ठेवले, तर ठाण्यातल्या आईलाही त्या कराराचा आधार मिळत नाही.

त्यामुळे न्यू जर्सीचा हुकूम इथे आपोआप अमलात येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ४४अ पैशांच्या हुकूमनाम्यांपुरते आहे. मुलाच्या ताब्याचा हुकूम त्या मार्गाने बजावता येत नाही. कलम १३ नुसार परदेशी निर्णय अंतिम मानण्यालाही अपवाद आहेत आणि गुणदोषांवर न झालेला किंवा समोरच्याला बाजू मांडण्याची संधी न देता झालेला निर्णय त्या अपवादांत बसू शकतो. शिवाय परदेशी न्यायालयाचे समन्स भारतात बजावण्यासाठी ठरलेली पद्धत आहे, ती केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत जाते, आणि थेट टपालाने बजावणी करण्याला भारताने आक्षेप नोंदवलेला आहे. म्हणून नुसत्या ईमेल व कुरिअरवर झालेल्या बजावणीबद्दल हरकत घेता येईल.

पण ‘अंमलबजावणी होत नाही’ म्हणजे ‘कागदाला किंमत नाही’ असे समजू नये, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. सर्वोच्च न्यायालयाने या विषयात चाळीस वर्षांत एकच एक रेषा धरलेली नाही. १९८६ मध्ये एका प्रकरणात वडिलांनी भेटीच्या वेळेचा फायदा घेऊन मुलाला अमेरिकेतून थेट पुण्याला आणले होते; न्यायालयाने त्याला आईसोबत परत पाठवले. १९९७ मध्ये भारतात वाढलेल्या एका मुलाच्या बाबतीत उलट झाले. तो दहा-बारा वर्षांहून अधिक काळ इथे रुजला होता आणि परदेशी हुकूम ही विचारात घ्यायच्या बाबींपैकी केवळ एक बाब ठरली. २०१५ च्या एका निकालाने, ज्या न्यायालयाने आधी परिणामकारक हुकूम दिला त्याला मान द्यावा, असा कल दाखवला. २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो कल अमान्य केला आणि मुलाचे हित सर्वोच्च, परदेशी न्यायालयाबद्दलचा आदर त्यानंतर, असे स्पष्ट केले. हा २०१७ चा निकाल ठाण्यात नव्याने माहेरी आलेल्या प्रत्येक ताईला कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. त्यानंतरचे निकाल मात्र सहसा पाठवलेले नसतात. २०१९, २०२० आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेत जन्मलेल्या किंवा तिथे राहत आलेल्या मुलांना परत पाठवण्याचे हुकूम दिलेले आहेत. २०२२ च्या एका प्रकरणात, आईला परदेशी जाण्याची सक्ती करता येणार नाही, पण मुलाचे हित तिकडे असेल तर मुलाला पाठवता येईल आणि तिला सोबत जाण्याचा पर्याय राहील, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

याचा आपल्यापुरता अर्थ असा, की मुलगा अमेरिकन नागरिक आहे, तिथल्या शाळेत जात होता, परतीचे तिकीट होते, वडिलांनी विलंब न करता फेब्रुवारीतच न्यायालय गाठले आणि इथला मुक्काम अजून वर्षभराचाही नाही. या सगळ्या गोष्टी परत पाठवण्याच्या बाजूने जातात. विरुद्ध बाजूला काय आहे हे आपण लिहिलेल्या प्रश्नात मला पुरेसे दिसत नाही. मारहाण झाली असेल, तिथल्या पोलिसांकडे तक्रार, रुग्णालयाचे कागद किंवा तिथल्या न्यायालयाचा संरक्षण आदेश असेल, तर चित्र बदलते. आपण पतीच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर तिथे होता आणि आता घटस्फोट झाला तर आपल्याला तिथे राहताच येणार नाही, ही बाबही वजनदार आहे, कारण मग ‘मुलाला आईसोबत परत पाठवा’ हे वाक्य व्यवहारात पोकळ ठरते. मुलगा इथे रमला आहे हा मुद्दा मांडावा, पण जूनमध्ये घेतलेला शाळाप्रवेश हाच मुख्य आधार करू नये. मार्चचा हुकूम मिळाल्यावर घाईने घेतलेला प्रवेश म्हणून तो आपल्याविरुद्धही वाचला जाऊ शकतो.

दुसरा प्रश्न ठाण्याच्या न्यायालयाचा. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ प्रमाणे मूल जिथे ‘सामान्यपणे राहते’ तिथल्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र असते. तेव्हा आपल्या अर्जावर पतीची पहिली हरकत तीच असेल. सात-आठ महिन्यांचे राहणे सामान्य निवास ठरते का, हे मुलगा कोणत्या हेतूने इथे आला, दोघांचे आपसांत काय ठरले होते, त्या काळातील संदेशांत काय लिहिले आहे, यावर ठरते. ‘तू मुलाला घेऊन तिकडेच राहा’ असा पतीचा एखादा जुना संदेश असेल, तर तो दहा नातेवाइकांच्या प्रतिज्ञापत्रांपेक्षा मोलाचा. हिंदू अल्पवयीनत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मधील, पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे, ही तरतूद आपल्याला लागू पडत नाही, कारण मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याच कायद्याच्या कलम १३ मधील मुलाचे हित हाच निकष लागेल.

अधिकारक्षेत्रावरून एक स्थानिक गोष्ट सांगतो, कारण ती दरवेळी कोणाला तरी भोवते. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय सगळ्यांचे नवी मुंबईच, त्यामुळे न्यायालयही एकच असेल असा समज होतो आणि अर्ज चुकीच्या जिल्ह्यात दाखल होऊन दोन-तीन तारखा वाया जातात. आपण घोडबंदरला राहता, तेव्हा आपला अर्ज ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयातच येईल.

पती मात्र ठाण्याला येण्याऐवजी मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारी, याचिका करण्याची शक्यता जास्त आहे. तिथे साक्षीपुरावा नसतो, प्रतिज्ञापत्रांवर संक्षिप्त चौकशी होते आणि निर्णय तुलनेने लवकर लागतो. नोटीस आली तर मुलाला घेऊन हजर राहायचे आहे, गावी निघून जायचे नाही. न्यायमूर्ती कधी कधी मुलाशी दालनात स्वतंत्रपणे बोलतात. सहा वर्षांच्या मुलाला उत्तरे पढवून नेऊ नये, ते दोन मिनिटांत उघडे पडते. पोलीस ठाण्यात अपहरणाची तक्रार होईल का, ही भीती आपल्याला वाटत असेल. भारतात ताब्याबाबत मनाई करणारा कोणताही हुकूम नसताना नैसर्गिक पालकावर असा गुन्हा टिकणे अवघड असते; मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये एका वडिलांच्या बाबतीत हेच म्हटले. अमेरिकेत तशी सुरक्षितता नाही. तिथे पालकाने मूल परदेशात नेऊन ठेवणे हा १९९३ पासून संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि वॉरंट निघाले असेल तर ते विमानतळावर उतरल्यावर कळते.

म्हणूनच न्यू जर्सीतील प्रकरणाकडे पाठ फिरवू नका. तिथल्या कायद्याप्रमाणे अर्ज दाखल होण्यापूर्वी मूल जिथे सलग सहा महिने राहत होते ते त्याचे मूळ राज्य मानले जाते आणि मूल राज्याबाहेर गेले तरी, एक पालक तिथेच राहत असेल व अर्ज सहा महिन्यांच्या आत आला असेल, तर तो दर्जा टिकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिशेब आपल्या विरुद्ध आहे. तिथे वकील नेमून, एकतर्फी हुकूम रद्द करण्याची विनंती करून, आपले म्हणणे नोंदवणे हा खर्च जड वाटला तरी करण्यासारखा आहे. इथल्या न्यायालयातही ‘ती तिथे हजर झाली, तिने सहकार्य केले’ असे दिसते.

आता माझ्या मते खरी मेहनत जिथे घ्यायला हवी तो भाग. ताबा कोणाला, यावर वर्षानुवर्षे भांडण चालते, पण मुलाचे रोजचे आयुष्य ठरते ते भेटीच्या हुकुमाच्या मजकुरावर. ‘वडिलांना वाजवी भेट मिळेल’ एवढेच लिहिलेला हुकूम मी निरुपयोगी मानतो. दोघांत सलोखा असेल तर त्याची गरज नसते आणि नसेल तर ‘वाजवी’ या शब्दावर पुन्हा अर्ज होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले, की वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या पालकांच्या बाबतीत प्रत्यक्ष भेटीखेरीज संपर्काचा हक्कही असतो आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज साधारण पाच-दहा मिनिटे बोलता यायला हवे. हे हुकुमात कसे उतरवायचे ते बघा. ठाण्यात शनिवारी सायंकाळी सात वाजता न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात, हिवाळ्यात साडेआठ, कारण तिथली घड्याळे मार्चमध्ये व नोव्हेंबरमध्ये तासाभराने सरकतात. हुकुमात नुसते ‘सायंकाळी सात’ लिहिले आणि कोणाच्या वेळेनुसार ते लिहिले नाही, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ‘तिने फोन उचलला नाही’ अशी तक्रार होते. म्हणून भारतीय वेळ असे स्पष्ट लिहून घ्या. शाळेच्या दिवशी सकाळी सात वाजता वडील तिकडे रात्री साडेनऊ किंवा साडेआठला मोकळे असतात, पण त्या वेळी मूल बसच्या घाईत असते. तेव्हा रोजच्या दहा मिनिटांपेक्षा दोन दिवस अर्धा-अर्धा तास आणि शनिवार-रविवारी जास्त वेळ अशी आखणी मुलाला मानवते. फोन कोणाच्या हातात असेल, आजी-आजोबा त्या खोलीत बसतील की नाही, संभाषण रेकॉर्ड करता येईल की नाही, बुडालेला फोन किती तासांत भरून द्यायचा, हे क्षुल्लक वाटते. बहुतेक भांडणे यावरूनच होतात. सहा वर्षांचे मूल स्क्रीनसमोर वीस मिनिटे नुसते गप्पा मारत नाही. वडिलांनी त्याला गोष्ट वाचून दाखवावी किंवा गृहपाठ करून घ्यावा, असे सुचवले तर फोन टिकतो.

सुट्टीचे गणितही असेच. मुलाची इथली मोठी सुट्टी एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. न्यू जर्सीतील शाळा जूनच्या उत्तरार्धात सुटतात आणि सप्टेंबरमध्ये उघडतात. म्हणजे मेमध्ये मुलगा तिकडे गेला तर त्याच्या वयाची मुले शाळेत, वडील कार्यालयात आणि हा दिवसभर पाळणाघरात. वडील रजा घेणार आहेत का, नसतील तर मुलाला कोण सांभाळणार, हे लिहून घ्यावे. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत वडिलांनी दिवाळीत किंवा नाताळात इथे यावे आणि मुलाने त्यांच्यासोबत ऐरोलीला राहावे, ही व्यवस्था मला जास्त सुरक्षित वाटते. आजी-आजोबांना भेटीचा स्वतंत्र वैधानिक हक्क नाही, पण न्यायालय त्यांच्या घरी भेट ठेवू शकते. ऐरोली ते घोडबंदर अंतर फार नाही. महिन्यातून दोन रविवार मुलगा तिथे गेला तर आपले काही जात नाही, आणि वडिलांच्या घराशी त्याचे नाते फक्त पडद्यापुरते राहत नाही.

मुलगा अमेरिकेत जाऊन परत येईल याची हमी हा सर्वात कठीण भाग. परतीचे तिकीट, प्रवासाचा तपशील, ठरलेली रक्कम न्यायालयात अनामत, वडिलांचे हमीपत्र हे सगळे घ्यावेच. परंतु वडील आणि मूल दोघेही अमेरिकेत असताना ठाण्याचे न्यायालय त्या हमीपत्रावर फारसे काही करू शकत नाही. म्हणून मुलाने देश सोडण्यापूर्वी त्याच अटींचा हुकूम तिथल्या न्यायालयातूनही घ्यावा लागतो, ज्याला वकील मंडळी मिरर ऑर्डर म्हणतात. इथे संमतीच्या अटी दाखल झाल्या, की त्या न्यू जर्सीच्या न्यायालयासमोर ठेवून तसाच हुकूम मिळवायचा, मार्चचा हुकूम मागे घ्यायचा आणि काही वॉरंट असेल तर तेही रद्द करून घ्यायचे. या हुकुमाची खातरजमा आपल्या स्वतःच्या तिथल्या वकिलाकडून करा, समोरच्याने दाखवलेल्या प्रतीवर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने केनियात राहणाऱ्या एका वडिलांकडे अशाच हुकुमाच्या अटीवर मुलगा सोपवला होता. पुढे त्या कागदातच फसवणूक असल्याचे दिसून आल्यावर २०२१ मध्ये आपले हुकूम मागे घेऊन न्यायालयाला केंद्रीय अन्वेषण विभागाकडे जावे लागले. सर्वोच्च न्यायालयासमोर असे घडू शकते, तर संमतीच्या अटींवर घाईने सही करण्याचे कारण नाही.

दुबईहून आलेल्या पालकांसाठी हिशेब थोडा वेगळा आहे. संयुक्त अरब अमिराती १९८० च्या करारात नाही, पण २०२३ पासून तिथे मुस्लिमेतरांसाठी लागू झालेल्या कायद्यात संयुक्त ताबा हा मूळ नियम आहे आणि मुलाच्या प्रवासावर तिथले न्यायालय बंदी घालू शकते. अशा प्रकरणात भेट भारतात होणे दोघांच्याही सोयीचे ठरते, कारण अंतर कमी आणि येणेजाणे स्वस्त.

पतीच्या बाजूने ऐरोलीहून कोणी हे वाचत असेल, तर त्यांच्यासाठी दोन वाक्ये. मुलाच्या वडिलांना इथे खटला चालवण्यासाठी वडिलांच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवावे लागेल. ते भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित किंवा तिथे नोटरी करून अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन) केलेले असावे, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला असावा, नाही तर ऐन तारखेला हरकत निघते. आणि सुनेच्या घराखाली जाऊन चारचौघांत मुलाला हाक मारण्यापेक्षा ठाण्याच्या न्यायालयातील विवाह समुपदेशकांसमोर अंतरिम भेटीचा अर्ज करावा; तो सहसा लवकर ऐकला जातो.

ताई, आपल्या बाजूने या आठवड्यात तपासायची गोष्ट मुलाच्या पासपोर्टवरील व्हिसा ही आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला इथे व्हिसाशिवाय राहू देणारे कार्ड) असेल तर चिंता नाही. पर्यटक व्हिसावर आला असेल तर मुदत संपून तो इथे बेकायदा राहत असल्याचे दिसेल आणि देश सोडताना परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची परवानगी लागेल. त्याचा अमेरिकन पासपोर्ट नूतनीकरणाला आला, तर सोळा वर्षांखालील मुलासाठी दोन्ही पालकांची संमती लागते, म्हणजे त्यासाठीही पतीशी बोलावेच लागेल. त्यानंतर न्यू जर्सीतील पुढील तारीख कोणती ते हुकुमाच्या प्रतीवरून पाहून तिथल्या वकिलाला कळवा, आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता मुलाचे वडिलांशी बोलणे सुरू करून त्याची साधी नोंदवही ठेवा, तारीख, वेळ आणि किती मिनिटे एवढीच.